नोंदींच्या विश्वासार्हतेचे शास्त्र : विद्यापीठातील प्रगत डेटाबेस अभ्यासक्रम

शासनाचा कारभार मुख्यतः नोंदींवर चालतो. जन्माची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, शिधापत्रिका, घरपट्टीची मागणी आणि सातबारा उतारा यांच्या आधारे नागरिकाचे हक्क ठरत असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी असल्याचे गृहीत धरले जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखाद्या वारसाचे नाव उताऱ्यातून गळाले तर ते आपले आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या वारसावरच येऊन पडतो.

पूर्वी या नोंदी शाईने बांधीव वह्यांत लिहिल्या जात. आज त्यांपैकी बहुतेक संगणकात आहेत. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला आणि फेरफाराच्या नोंदीही संगणकावरच घेतल्या जाऊ लागल्या. वहीत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसते. संगणकात मात्र जुन्या आकड्याच्या जागी नवा आकडा बसला तर मागे काही खूण उरेलच असे नाही. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, किंवा एकाच गटावर दोन कर्मचाऱ्यांनी एकाच क्षणी काम केले, तर काय होते? त्या वेळी नोंद शाबूत राहावी अशी व्यवस्था कोणी व कशी केली? या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास संगणकशास्त्राच्या ज्या शाखेत होतो तिला ‘प्रगत डेटाबेस प्रणाली’ असे नाव आहे. पदव्युत्तर, आणि काही संस्थांत पदवीच्या शेवटच्या वर्षी शिकविल्या जाणाऱ्या या विषयाचा परिचय करून देण्याचा हेतू या लेखात आहे.

पहिली पायरी

प्रगत विषयाकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्याने डेटाबेसचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. त्याचा पाया एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने घातला. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे किंवा जाळ्याप्रमाणे एकमेकींस जोडून ठेवली जात असे, आणि ती शोधण्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यास प्रत्येक वाट ठाऊक असावी लागे. माहितीची मांडणी बदलली की प्रोग्रामही बदलावे लागत. कॉड यांनी सुचविले की, सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी, काय हवे एवढेच सांगावे, आणि ते कसे शोधावयाचे हे यंत्रावर सोपवावे. या विचारातूनच आज सर्वत्र वापरली जाणारी एसक्यूएल ही भाषा निर्माण झाली. तिचा पहिला आराखडा डोनाल्ड चेंबर्लिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडला. कॉड यांना १९८१ साली ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले.

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये, हे या पायरीवरील मुख्य सूत्र होय. विद्यार्थ्याच्या पालकाचा पत्ता हजेरीपटावर, शिष्यवृत्तीच्या यादीत आणि परीक्षेच्या अर्जात स्वतंत्रपणे लिहिला, तर पत्ता बदलल्यावर तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि अनुभव असा की एक ठिकाण हमखास राहून जाते. तक्त्यांची रचना करतानाच हा दोष टाळण्याच्या पद्धती या टप्प्यात शिकविल्या जातात. हे सर्व आवश्यक असले तरी यंत्र आतून कसे चालते याचा उलगडा त्याने होत नाही. तो पुढच्या पायरीवर होतो.

नोंद आधी, बदल नंतर

महसूल खात्याच्या पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकांना प्रगत अभ्यासक्रमातील एक तत्त्व मुळीच परके वाटणार नाही. जमिनीच्या हक्कात बदल झाल्याचे कळल्यावर तलाठी थेट सातबाऱ्यावर हात ठेवीत नसे. बदलाची नोंद प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होई. संबंधितांना नोटीस जाई. हरकत आल्यास ते प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाई. सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्याला दिला जाई. संहितेच्या कलम १५० मधील हा क्रम आजही कायम आहे. बदलले आहे ते लिहिण्याचे साधन.

डेटाबेस प्रणालीही याच क्रमाने चालते. कोणताही बदल मूळ तक्त्यात कायम होण्यापूर्वी तो ‘लॉग’ नावाच्या एका अखंड नोंदवहीत लिहिला जातो. प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक असतो आणि नवी नोंद नेहमी शेवटी चढते. व्यवहार पूर्ण झाला की ‘कमिट’ अशी नोंद होते. फेरफाराच्या प्रमाणीकरणाशी तिचे साम्य आहे. कमिटची नोंद चकतीवर सुरक्षित पोचल्याखेरीज वापरणाऱ्यास ‘काम झाले’ असे सांगावयाचे नाही, हा या पद्धतीचा कणा होय.

असे करण्याचे कारण संगणकाच्या घडणीत आहे. तक्त्यातील मजकूर चकतीवर ‘पान’ म्हटल्या जाणाऱ्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठविलेला असतो. काम करताना ही पाने स्मृतीत आणली जातात, तेथे त्यांत बदल होतात आणि सवडीने ती चकतीवर परत लिहिली जातात. स्मृती वेगवान असली तरी वीज जाताच ती कोरी होते. प्रत्येक बदलागणिक पान चकतीवर लिहावयाचे म्हटले तर काम फारच मंदावेल, कारण पाने चकतीवर इतस्ततः विखुरलेली असतात. लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ लिहावयाची असते, आणि ते काम जलद होते. म्हणून पाने मागाहून लिहिली तरी चालते. लॉग मात्र आधी लिहिलाच पाहिजे.

फेरफार वही व लॉग यांच्यातील तुलना एका जागी मात्र तुटते, आणि तेथेच विषयाची खरी खोली ध्यानात येते. कागदावरील पद्धतीत अप्रमाणित नोंद सातबाऱ्यावर कधीच जात नसे. त्यामुळे ती रद्द झाली तर सातबाऱ्यावर पुसण्यासारखे काही नसे. संगणकात स्मृती अपुरी पडू लागली की अपूर्ण व्यवहाराने बदललेली पानेही चकतीवर जाऊ शकतात. त्याच वेळी वीज गेली तर चकतीवर दोन प्रकारचा गोंधळ उरतो. काही पूर्ण व्यवहारांचे बदल अद्याप तेथे पोचलेले नसतात, तर काही अपूर्ण व्यवहारांचे बदल पोचलेले असतात. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लॉग वाचून पहिल्या प्रकारातील बदल पुन्हा करावे लागतात आणि दुसऱ्या प्रकारातील बदल उलटवावे लागतात. उलटविण्याचे काम चालू असतानाच पुन्हा वीज गेली तर? त्यासाठी उलटविण्याच्या कृतीचीही नोंद लॉगमध्ये केली जाते. या सर्व शक्यतांचा विचार करून पूर्ण पद्धत बसविणारा ‘एरीज’ हा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. हा निबंध दीर्घ व कठीण आहे. तथापि प्रगत अभ्यासक्रमाच्या वाचन यादीत तो आवर्जून असतो, आणि तो ओळीने ओळ समजून घेतलेल्या विद्यार्थ्यास पुढील बराचसा भाग सोपा जातो.

ही हमीसुद्धा आपल्याखालच्या थरावर अवलंबून असते. ‘चकतीवर लिहिले’ असे संगणकाच्या कार्यप्रणालीने सांगितले तरी ते प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही. पोस्टग्रेस या प्रणालीच्या बाबतीत २०१८ साली असे उघडकीस आले की, लिनक्सवर लेखन एकदा अयशस्वी झाल्यानंतर दुसऱ्या प्रयत्नास खोटाच होकार मिळू शकतो. २०१९ च्या आरंभी आलेल्या दुरुस्तीत असा प्रसंग येताच यंत्रणा थांबवून लॉगपासून पुन्हा आरंभ करण्याची तजवीज झाली. अनेक वर्षे जगभर वापरात असलेल्या प्रणालीत हा दोष होता.

लॉगचा आणखी एक उपयोग प्रशासकीय दृष्ट्या महत्त्वाचा आहे. रविवारी रात्री घेतलेली संपूर्ण प्रत आणि तेव्हापासूनचा अखंड लॉग जवळ असेल, तर डेटाबेस मधल्या कोणत्याही क्षणाच्या स्थितीत आणता येतो. सोमवारी ११ वाजून ४२ मिनिटांनी कोणी चुकीची आज्ञा देऊन शेकडो नोंदी पुसल्या, तर ११ वाजून ४१ मिनिटांची स्थिती परत मिळू शकते. मात्र लॉग त्याच चकतीवर ठेवला असेल आणि चकतीच निकामी झाली, तर दोन्ही एकदम जातात. कार्यालयात प्रत घेतली जाते की नाही, हे विचारण्याची पद्धत आहे. त्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या करून कधी पाहिल्या आहेत काय, हे मात्र फारसे विचारले जात नाही.

एका नोंदीवर अनेक हात

दुसरा मोठा भाग समकालीन व्यवहारांचा. समजा, एका गटावर दोन कामे एकाच वेळी आली. एक कर्मचारी मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावे चढवीत आहे, तर दुसरा त्याच गटावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा दाखल करीत आहे. दोघांच्याही पडद्यावर जुना उतारा उघडला. पहिल्याने नावे बदलून उतारा जतन केला. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून जुनाच उतारा आहे. त्याने बोजा लिहून तो संपूर्ण उतारा जतन केला. बोजा चढला, पण वारसांची नावे नाहीशी झाली. दोघांनीही आपापले काम बिनचूक केले होते, आणि संगणकानेही कोणास हटकले नाही. या दोषाला ‘हरविलेला बदल’ असे म्हणतात. प्रणालीची आखणी करणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर तो आजही घडू शकतो.

त्यावरील जुना उपाय म्हणजे कुलूप. ज्या नोंदीवर काम चालू आहे तिला कुलूप लावावयाचे आणि इतरांना थांबवून ठेवावयाचे. परंतु नुसते कुलूप पुरेसे नाही. आयबीएममधील के. पी. ईश्वरन, जिम ग्रे, रेमंड लॉरी व इर्व्हिंग ट्रेगर यांनी १९७६ साली दाखवून दिले की, कुलपे लावण्याचा व काढण्याचा काळ वेगवेगळा असला पाहिजे. एकदा एक कुलूप काढले की त्या व्यवहाराने नवे लावता कामा नये. हा नियम पाळला तर अनेक व्यवहार एकमेकांत मिसळून चालले तरी अंतिम परिणाम ते एकामागून एक चालल्यासारखाच होतो. या गुणास क्रमिकता म्हणता येईल. दोन व्यवहार एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकून पडतात असेही होते. तेव्हा प्रणाली एकास माघार घ्यावयास लावते. पडद्यावर अधूनमधून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश येतो, त्यामागे बहुधा यंत्राचा बिघाडच असतो असे नव्हे. कधी कधी तो अशा सुरक्षित माघारीचा परिणाम असतो. जिम ग्रे यांना व्यवहारविषयक कार्याबद्दल १९९८ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

कुलपांमुळे वाचणाऱ्यांनाही खोळंबावे लागते. म्हणून आज बऱ्याच प्रणाली निराळी पद्धत वापरतात. जुनी नोंद न पुसता तिची नवी आवृत्ती लिहावयाची, आणि प्रत्येक व्यवहारास तो सुरू झाला त्या क्षणीचे चित्र दाखवावयाचे. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावास कंस करून खाली नवे नाव व फेरफार क्रमांक लिहिण्याची रीत याहून फार वेगळी नाही. कंस केलेल्या नोंदी साठून उतारा वाचणे अवघड झाले की हस्तलिखित सातबाऱ्याचे पुनर्लेखन करावे लागे. डेटाबेसलाही निरुपयोगी झालेल्या आवृत्त्या काढून टाकण्याचे काम नेमाने करावे लागते. ते तुंबले की चांगली चालणारी प्रणाली संथ होत जाते.

ही पद्धत सोयीची असली तरी निर्दोष नाही. तिचा दोष एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका द्विशिक्षकी शाळेसाठी असा नियम आहे की, कोणत्याही दिवशी किमान एक शिक्षक हजर असलाच पाहिजे. रजेचे अर्ज संगणकावर मंजूर होतात. दोन्ही शिक्षकांनी आपापल्या घरून एकाच मिनिटास दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. पहिल्या अर्जाने आपल्यापुढील चित्र पाहिले, तर दुसरे शिक्षक हजर असल्याचे दिसते, रजा मंजूर. दुसऱ्या अर्जापुढेही त्याच क्षणाचे चित्र आहे, आणि त्यात पहिले शिक्षक हजर आहेत, रजा मंजूर. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी बदलल्या, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे काही पुसले नाही. तरीही सकाळी शाळेला कुलूप राहते. एकामागून एक अर्ज तपासले असते तर दुसरा निश्चित नामंजूर झाला असता.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हा दोष नेमकेपणाने मांडला गेला. तरीही पोस्टग्रेसमधील ‘क्रमिक’ या नावाच्या सर्वांत कडक पातळीवर पुढे अनेक वर्षे प्रत्यक्षात ही चित्रपद्धतीच चालत होती. सिडनी विद्यापीठातील मायकेल केहिल, उवे रोम व अॅलन फेकेटे यांनी २००८ साली असे दाखवून दिले की, व्यवहारांमधील धोकादायक परस्परावलंबन ओळखून वेळीच एकास माघार घ्यावयास लावली तर वाचणाऱ्यांना न खोळंबविताही खरी क्रमिकता मिळविता येते. ही कल्पना २०११ साली पोस्टग्रेसच्या ९.१ आवृत्तीत आली. विद्यापीठातील संशोधन तीन वर्षांत जगभरच्या कार्यालयांत पोचल्याचे हे ठळक उदाहरण होय. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कडक पातळी आपोआप लागू होत नाही. पोस्टग्रेसमध्ये वेगळे सांगितले नाही तर त्याहून सैल पातळी लागू असते. एखादी प्रणाली विकत घेताना किंवा करवून घेताना ती कोणत्या पातळीवर चालते हे ज्याने विचारले, त्याने अर्धा विषय समजून घेतला असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तराकडे जाणारे मार्ग

कॉड यांनी ‘कसे शोधावयाचे ते यंत्र ठरवील’ असे म्हटले खरे, पण ते ठरवावयाचे कसे हा स्वतंत्र अभ्यास झाला. समजा, ८० लाख नोंदी आहेत आणि एका पानात १०० मावतात. एक नाव शोधण्यासाठी सर्व पाने चाळली तर ८० हजार पाने वाचावी लागतील. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी रचलेल्या ‘बी-ट्री’ या सूचीत एका पानावर पुढील २०० पानांचे पत्ते मावत असतील, तर २०० गुणिले २०० गुणिले २०० म्हणजे ८० लाख नोंदींपर्यंत केवळ तीन पायऱ्यांत पोचता येते.

प्रश्नात अनेक तक्ते गुंतले की मार्ग वाढतात. दहा तक्ते एकामागून एक जोडावयाचे तर त्यांचे क्रमच ३६,२८,८०० होतात. त्यांपैकी एखादा क्षणात उत्तर देतो, तर एखादा रात्रभर चालतो. पॅट्रिशिया सेलिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रत्येक मार्गाचा अंदाजी खर्च काढून त्यांतील स्वस्त मार्ग निवडण्याची पद्धत मांडली. आजच्या बहुतेक प्रणाली तिच्यावरच उभ्या आहेत. मात्र अंदाज हा अंदाजच असतो. तक्त्यात किती नोंदी आहेत, कोणते मूल्य किती वेळा येते, याची आकडेवारी प्रणाली स्वतःजवळ ठेवते. ती शिळी झाली तर मार्ग चुकतो. मागील महिन्यात दोन मिनिटांत निघालेला तालुक्याचा अहवाल या महिन्यात तासभर रखडतो, तेव्हा पुष्कळदा नवा संगणक मागविण्याऐवजी आकडेवारी ताजी करण्याची आज्ञा पुरेशी ठरते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नातील मूल्ये थोडीथोडी बदलत गेल्यास निवडलेला मार्ग कोठे कोठे बदलतो याची रंगीत चित्रे काढली. व्यापारी प्रणालींच्या बाबतीत ही चित्रे इतकी गुंतागुंतीची निघाली की, निवड करणारी यंत्रणा आवश्यकतेपेक्षा अधिक बारकावे पाहते काय, असा प्रश्न उभा राहिला.

माहिती अनेक शहरांतील यंत्रांवर विभागली असता सर्वांनी मिळून एक निर्णय कसा घ्यावा, आणि मधली तार तुटली तर काही काळ थांबावे की जुन्या माहितीवर काम चालवावे, हाही या अभ्यासक्रमाचा भाग आहे. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेल्या या विधानास २००२ साली सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी गणिती सिद्धता दिली.

अध्ययन व अध्यापन

या विषयाच्या अध्यापनात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. जगातील अनेक विद्यापीठांत लावले जाणारे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हे पाठ्यपुस्तक प्रथम १९८६ साली हेन्री कॉर्थ व अब्राहम सिल्बरशाट्झ यांनी लिहिले. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मुंबईच्या आयआयटीतील प्रा. एस. सुदर्शन त्याचे सहलेखक आहेत. सातवी आवृत्ती २०१९ साली आली. एसक्यूएलमधील प्रश्न चुकीचा लिहिला असल्यास ती चूक उघड करील अशी नमुन्याची माहिती आपोआप तयार करण्याचे काम त्यांच्या गटाने ‘एक्सडेटा’ या नावाने केले असून, विद्यार्थ्यांची उत्तरे तपासण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परीक्षकाच्या चार ओळींच्या नमुन्यावर चुकीचे उत्तरही बरोबर दिसते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

प्रगत विषयास पूर्वतयारी लागते. कार्यप्रणाली, माहितीच्या संरचना आणि सी किंवा तत्सम भाषेतील सराव नसेल तर विद्यार्थी पहिल्या महिन्यातच मागे पडतो. अभ्यासाची मुख्य रीत मूळ निबंध वाचण्याची आणि लहानशी प्रणाली स्वतः रचण्याची आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या प्रगत डेटाबेस अभ्यासक्रमाच्या व्याख्यानांची चित्रमुद्रणे सर्वांस खुली केली आहेत. ‘प्रगत’ हे नाव देऊन एसक्यूएलचेच अधिक अवघड प्रश्न सोडवून घेणे हा मात्र या विषयावर अन्याय होय. तशा वर्गातून बाहेर पडलेला पदवीधर अहवाल काढू शकेल, परंतु वारसांची नावे का गळाली हे त्याला सांगता येणार नाही.

यासाठी महागडी साधने लागतात असेही नाही. पोस्टग्रेस ही प्रणाली १९८६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन म्हणून सुरू झाली. ती विनामूल्य असून तिची संपूर्ण संहिता कोणासही वाचता येते. ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या साध्या संगणककक्षातही तिच्यावर वर वर्णिलेले प्रयोग करता येतात. एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडून दोन्हींतून एकाच ओळीत बदल करावयास सांगितले की दुसरी खिडकी थांबते, आणि पहिलीत कमिट म्हणताच पुढे सरकते. द्विशिक्षकी शाळेचा तक्ता करून दोन्ही खिडक्यांतून रजा मागितली, तर नेहमीच्या पातळीवर दोन्ही रजा मंजूर होतात. ‘क्रमिक’ पातळी लावल्यावर एक खिडकी चुकीचा संदेश देऊन माघार घेते.

तिसरा प्रयोग विद्यार्थ्यांना सर्वाधिक आवडतो. त्यासाठी जुना, निकामी झाला तरी चालेल असा संगणक निवडावा. एक प्रोग्राम एकापाठोपाठ एक क्रमांक तक्त्यात घालीत राहतो, आणि डेटाबेसने कमिटचा होकार दिलेला प्रत्येक क्रमांक शेजारच्या दुसऱ्या संगणकावर लिहून ठेवतो. मध्येच संगणकाची वीजजोडणी उपटावयाची. पुन्हा सुरू केल्यावर यंत्रणा योग्य रीतीने बंद झाली नव्हती आणि लॉगवरून पूर्वस्थिती आणली जात आहे, अशा ओळी पडद्यावर येतात. त्यानंतर दोन्ही याद्या ताडून पाहावयाच्या. होकार मिळालेला प्रत्येक क्रमांक तक्त्यात असला पाहिजे. तक्त्यात एखादा क्रमांक जास्त निघू शकतो, कारण कमिट झाल्यावर पण होकार पोचण्यापूर्वी वीज गेलेली असू शकते. क्रमांक कमी निघाला, तर दोष प्रोग्रामात आहे, प्रणालीच्या मांडणीत आहे की चकतीने दिलेल्या खोट्या होकारात आहे, हे शोधण्यात पुढील आठवडा जातो.